उद्योजकतेचा अभ्यास: व्यक्तिविकास आणि मूल्ये

उद्योजकतेच्या अभ्यासाला दोन अंगे आहेत. पहिले अंग व्यवहाराचे. बाजाराची पाहणी, प्रकल्प अहवाल, खेळते भांडवल, हिशेब, कर आणि कायदे हे विषय त्यात येतात. दुसरे अंग उद्योग उभा करणाऱ्या माणसाचे. तो ध्येय कसे ठरवतो, जोखीम कशी जोखतो, अपयश कसे पचवतो आणि नफा व सचोटी यांची ओढाताण सुरू झाली की कोणत्या बाजूला उभा राहतो, हे प्रश्न या अंगात येतात. पहिले अंग पुस्तकातून आणि जाणत्या माणसाकडून शिकता येते, याविषयी कोणाला शंका नाही. दुसरे शिकवता येते का, यावर मात्र गेली साठ वर्षे संशोधन चालू आहे आणि त्यातला एक पायाभूत प्रयोग भारतातच झाला. या संशोधनाचे सार दोन वाक्यांत मांडता येते. उद्योजकाचे बरेचसे गुण काम करता करता वाढतात. ते गुण समाजाच्या कामी येतील की समाजाला खड्ड्यात घालतील, हे त्या माणसाची मूल्ये ठरवतात.

अर्थशास्त्रातला उद्योजक

उद्योजकाची पहिली नेमकी ओळख रिचर्ड कँटिलॉन यांच्या लेखनात सापडते. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मांडणीत उद्योजक म्हणजे आज ठरलेल्या भावाने माल घेणारा आणि उद्या काय भाव मिळेल हे ठाऊक नसताना तो विकायला निघणारा माणूस. शेतकरी, घाऊक व्यापारी, छोटा दुकानदार हे सगळे त्यांच्या लेखी उद्योजकच होते. फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये या विचाराला धार दिली. ज्या धोक्याची शक्यता मोजता येते त्याचा विमा उतरवता येतो, पण जी अनिश्चितता मोजताच येत नाही ती कोणाला तरी अंगावर घ्यावी लागते. नफा हा ती अंगावर घेण्याचा मोबदला आहे, असे त्यांनी मांडले.

जोसेफ शुम्पीटर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले ते नावीन्याकडे. नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना, असे नव्या जुळणीचे पाच प्रकार त्यांनी सांगितले. उद्योजक हे का करतो, याचे त्यांनी दिलेले उत्तर आजही विचार करायला लावते. स्वतःचे साम्राज्य उभे करण्याचे स्वप्न, जिंकण्याची ईर्षा आणि निर्मितीचा आनंद या तीन प्रेरणा त्यांनी नोंदवल्या. पैसा त्यांच्या दृष्टीने यशाचे एक माप होता, मुख्य प्रेरणा नव्हता. अर्थशास्त्राच्या ग्रंथात माणसाच्या मनाला अशी जागा मिळाली, तरी ते मन घडते कसे हा प्रश्न अर्थशास्त्राने बाजूलाच ठेवला. तो हाती घेतला मानसशास्त्राने.

काकीनाड्याचा प्रयोग

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड संपादन प्रेरणेचा अभ्यास करत होते. उत्कृष्टतेचे एक माप मनाशी ठरवून त्या मापाला उतरण्याची ओढ, असा संपादन प्रेरणेचा साधा अर्थ. ती मोजण्यासाठी ते लोकांना चित्रे दाखवून त्यांवर गोष्टी लिहायला सांगत. गोष्टीतली पात्रे ध्येय ठरवतात का, अडथळे ओळखतात का, मदत शोधतात का, यावरून गुण दिले जात. दुसरा प्रयोग खुंटीवर कड्या फेकण्याचा होता. किती अंतरावरून फेकायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे. ज्यांची संपादन प्रेरणा प्रबळ, ते मधले अंतर निवडत. अगदी जवळून कडी टाकण्यात त्यांना गोडी वाटत नसे आणि फार लांबून टाकून नशिबावर हवाला ठेवणेही त्यांना मान्य नसे. उद्योजक म्हणजे बेधडक जुगारी, या समजुतीला या निरीक्षणाने छेद दिला. आपल्या कौशल्याने निकाल बदलू शकेल इतकीच जोखीम तो पत्करतो.

१९६१ मध्ये मॅक्लेलंड यांनी आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. त्यावर साहजिकच एक आक्षेप आला. ही प्रेरणा बालपणीच्या संस्कारांतून येत असेल, तर प्रौढ माणसाच्या बाबतीत काय करता येणार? त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९६४-६५ मध्ये आंध्र प्रदेशातले काकीनाडा हे बंदराचे शहर निवडण्यात आले. हैदराबादची लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्था या कामात सहभागी होती. काकीनाड्यातले व्यापारी आणि छोटे कारखानदार हैदराबादला जाऊन प्रशिक्षण घेऊन आले.

त्या प्रशिक्षणात हिशेब किंवा विक्रीचे धडे नव्हते. सहभागी माणसे गोष्टी लिहीत आणि स्वतःच्याच गोष्टी तपासून आपल्या विचारात ध्येयाला किती जागा आहे ते पाहत. खेळांतून ती आपली जोखीम घेण्याची रीत ओळखत. आपल्याला खरोखर काय हवे आहे, घरच्यांच्या आणि समाजाच्या अपेक्षांशी त्याचा मेळ कसा बसतो, याची मोकळी चर्चा होई. शेवटी प्रत्येकाने पुढच्या काळासाठी मोजता येईल असे ध्येय लिहून काढायचे आणि त्याचा पाठपुरावा करायचा. सोबत शिकलेल्यांचा गट एकमेकांना आधार देई.

पुढच्या दोन वर्षांत प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित व्यावसायिकांची तुलना झाली. प्रशिक्षितांमध्ये नवे व्यवसाय सुरू करणारे, भांडवल गुंतवणारे आणि नवे रोजगार देणारे अधिक आढळले. मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी हे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातली एक नोंद भारतीय वाचकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. जात, पारंपरिक श्रद्धा किंवा पाश्चात्त्य राहणीमान यांवरून कोण पुढे जाईल हे ठरत नव्हते. धोतर नेसणारा, देवधर्म पाळणारा व्यापारी नवी ध्येये ठेवण्यात कोणाहून मागे नव्हता. व्यापार ठरावीक जातींच्याच रक्तात असतो, ही समजूत महाराष्ट्रातही खोलवर रुजलेली आहे. तिला या निष्कर्षाने आधार दिला नाही.

प्रयोगातून उभे राहिलेले कार्यक्रम

काकीनाड्याचा अनुभव भारतीय धोरणात लवकर उतरला. गुजरातच्या राज्य औद्योगिक महामंडळांनी १९७० च्या सुमारास नवउद्योजकांसाठी प्रशिक्षण सुरू केले. तिथूनच उद्योजकता विकास कार्यक्रमाचा नमुना देशभर गेला. प्रेरणा प्रशिक्षण, उद्योगसंधीची निवड, प्रकल्प अहवाल, व्यवस्थापनाचे धडे आणि नंतरचा पाठपुरावा हे त्याचे टप्पे. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे आली. १९८३ मध्ये अहमदाबादला भारतीय उद्योजकता विकास संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झाले. त्याचे मुख्यालय औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला ठेवण्यात आले.

या वाटचालीत एक उणीवही शिरली. व्यवहाराचे अंग शिकवायला सोपे आणि कागदावर दाखवायला सोयीचे असते. त्यामुळे अनेक ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे कर्जप्रकरणाची तयारी, असे स्वरूप येत गेले. प्रमाणपत्र मिळाले, अर्ज भरला, की काम संपले. स्वतःचा शोध, ध्येयाची मांडणी आणि आधार देणारा गट हे काकीनाड्याच्या प्रयोगाचे प्राण होते. वेळापत्रकात त्यांच्या वाट्याला एखादे प्रेरणादायी भाषण उरले. भाषणाने उत्साह चढतो, पण विचार करण्याची रीत बदलायला सराव लागतो.

गुणांच्या यादीची मर्यादा

मॅक्लेलंड यांच्या नंतर उद्योजकाच्या गुणांच्या लांबलचक याद्या तयार झाल्या. आत्मविश्वास, चिकाटी, स्वातंत्र्याची आवड, जोखीम घेण्याची तयारी असे अनेक गुण त्यांत आले. पण हे सगळे गुण असणारी असंख्य माणसे उद्योजक नाहीत आणि यातले काही गुण नसलेली माणसे यशस्वी उद्योजक आहेत. १९८८ मध्ये विल्यम गार्टनर यांनी ठामपणे सांगितले की उद्योजक कोण असतो, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो काय करतो, उद्योग उभा राहताना नेमक्या कोणत्या कृती घडतात, हे पाहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप परिस्थितीकडे बोट दाखवतो. भांडवल, रस्ता, वीज, बाजार, ओळखीपाळखी या गोष्टी सर्वांना सारख्या मिळत नाहीत. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला तारण देता येत नाही. ज्या बाईला घराबाहेर पडायला परवानगी मागावी लागते, तिच्या प्रेरणेचे मोजमाप करून तिचे अपयश समजत नाही. व्यक्तिविकासाचा विचार करताना हे भान सुटले, तर गरिबीचा दोष गरिबाच्याच माथी मारला जातो. उद्योजकतेच्या चांगल्या अभ्यासक्रमात म्हणून व्यक्ती आणि परिस्थिती यांचा विचार एकत्र होतो.

स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास आणि पुढाकार

गुणांच्या याद्यांची जागा हळूहळू वाढू शकणाऱ्या क्षमतांनी घेतली. ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये दाखवले की काही माणसे आयुष्यातल्या घटनांचे कारण आपल्या कृतीत शोधतात, तर काही नशिबात किंवा दुसऱ्याच्या हातात. अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये त्याहून नेमकी कल्पना मांडली. एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल, हा विश्वास त्या कामातली चिकाटी ठरवतो. हा विश्वास चार वाटांनी येतो. स्वतः ते काम करून पाहणे, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाचे प्रोत्साहन आणि स्वतःच्या मनाची व शरीराची अवस्था नीट ओळखणे. यातली पहिली वाट सर्वांत भक्कम. उद्योजकता शिकवणाऱ्यासाठी याचा अर्थ उघड आहे. विद्यार्थ्याला आधी लहान, खरे आणि पूर्ण होण्याजोगे काम मिळाले पाहिजे. आठवडी बाजारात एक दिवस स्वतः माल विकून केलेला हिशेब वर्गातल्या दहा व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवतो.

याचा भक्कम पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातून मिळाला. लोमे या राजधानीतल्या १५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला हिशेब, विक्री आणि व्यवस्थापनाचे नेहमीचे प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्याला पुढाकाराचे प्रशिक्षण मिळाले. त्यात कोणी सांगण्याआधी सुरुवात करणे, पुढची संधी आणि पुढचा अडथळा आधीच ताडणे आणि अडचण आली तरी न सोडणे यांचा सराव होता. तिसऱ्या गटाला प्रशिक्षण नव्हते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुढाकाराच्या गटाचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणातून दिसलेली ११ टक्के वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर निश्चित म्हणता आली नाही. पुढाकाराच्या गटातल्या स्त्रियांच्या व्यवसायांत ही वाढ सुमारे ४० टक्के होती. काकीनाड्यात ज्या विचाराची पहिली चाचणी झाली, त्याची पन्नास वर्षांनंतर अधिक काटेकोर पद्धतीने झालेली ही पडताळणी मानता येते.

सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या संशोधिकेने अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा शोध घेतला. त्यांनी २७ मुरलेल्या उद्योजकांना एका काल्पनिक उद्योगासंबंधीचे प्रश्न देऊन मोठ्याने विचार करायला सांगितले. २००१ मध्ये मांडलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ही माणसे दूरचे भाकीत करत बसत नाहीत. आपण कोण आहोत, आपल्याला काय येते आणि आपण कोणाला ओळखतो, या तीन प्रश्नांपासून ती सुरुवात करतात. किती नफा होईल यापेक्षा किती बुडाले तरी परवडेल, हे आधी ठरवतात. जे सोबत यायला तयार होतात त्यांच्यासह पुढचे ध्येय आखतात. आपण कोण आहोत हा प्रश्न इथे यादीत पहिला आहे. आत्मपरीक्षण हे उद्योगाच्या आखणीतलेच काम आहे, हे या संशोधनाने दाखवून दिले.

अतिविश्वास आणि अपयश

आत्मविश्वासाला वास्तवाची जोड नसेल तर तो घात करतो. अमेरिकेत जवळपास ३००० नवउद्योजकांची पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ८१ टक्क्यांना आपल्या यशाची शक्यता दहापैकी सात किंवा त्याहून अधिक वाटत होती. एकतृतीयांश लोकांना तर यशाची पूर्ण खात्री होती. प्रत्यक्षात नव्या व्यवसायांपैकी मोठा वाटा काही वर्षांत बंद पडतो. म्हणून व्यक्तिविकासात हिंमत वाढवण्याइतकेच स्वतःच्या अंदाजावर शंका घेण्याचे शिक्षणही येते. ग्राहकाकडे जाऊन विचारणे, विरोधी पुरावा शोधणे आणि किती तोटा झाल्यावर थांबायचे हे आधी लिहून ठेवणे, या त्याच्या साध्या सवयी.

अपयशाचा भावनिक भागही अभ्यासाचा विषय झाला आहे. डीन शेफर्ड यांनी २००३ मध्ये मांडले की व्यवसाय बुडणे हे उद्योजकासाठी जवळचे कोणी गमावण्यासारखे दुःख असते आणि त्या दुःखात शिकण्याची शक्ती क्षीण होते. घडलेल्या गोष्टीचा विचार करणे आणि काही काळ मन दुसरीकडे वळवून रोजची कामे मार्गी लावणे, या दोहोंमध्ये ये-जा करत राहिल्यास माणूस लवकर सावरतो. मराठी मध्यमवर्गीय घरांत धंदा बुडाला की त्याची वाच्यता टाळण्याकडे कल असतो. अपयश झाकले गेले की त्यातला धडाही झाकला जातो. अपयशाविषयी मोकळेपणाने बोलता येईल असा गट उभा करणे, हा म्हणूनच प्रशिक्षणाचा भाग असावा लागतो.

मूल्यांचे काम

प्रेरणा, पुढाकार आणि चिकाटी ही शक्ती आहे. तिला दिशा मूल्ये देतात. मिल्टन रोकीच यांनी १९७३ मध्ये मूल्यांचे दोन वर्ग केले होते. काही मूल्ये आयुष्याचे साध्य सांगतात, जसे स्वातंत्र्य, सुरक्षितता किंवा समता. काही त्या साध्याकडे जाण्याची रीत सांगतात, जसे प्रामाणिकपणा, जबाबदारी किंवा धैर्य. उद्योगाला दोन्ही लागू पडतात. उद्योग कशासाठी, हा पहिला प्रश्न आणि तो कोणत्या मार्गाने, हा दुसरा.

साध्यांच्या बाबतीत सगळे उद्योजक एकसारखे नसतात. इमॅन्युएल फोशार आणि मार्क ग्रुबर यांनी २०११ मध्ये क्रीडासाहित्याच्या क्षेत्रातल्या उद्योजकांचा अभ्यास करून तीन प्रकार वर्णिले. पहिल्या प्रकारचे उद्योजक स्पर्धा जिंकून नफा मिळवण्यासाठी उतरतात. दुसऱ्या प्रकारचे आपल्या समूहाची गरज भागवण्यासाठी उद्योग करतात. तिसऱ्या प्रकारच्या उद्योजकांना उद्योगातून समाज बदलायचा असतो. माल कोणासाठी, उत्पादन कसे, कोणती साधने वापरायची, हे निर्णय या ओळखीनुसार वेगवेगळे पडतात. या तिघांपैकी एकच खरा उद्योजक, असे म्हणता येत नाही. पण आपण यांपैकी कोण, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे निर्णय परस्परांना छेदत राहतात.

अर्थशास्त्रज्ञ विल्यम बोमोल यांनी १९९० मध्ये या चर्चेला समाजाचे परिमाण दिले. उद्योजकी वृत्तीची माणसे प्रत्येक काळात असतात. त्यांची बुद्धी उत्पादक कामात जाते, केवळ सवलती आणि मक्तेदारी पदरात पाडून घेण्यात जाते की उघड लुबाडणुकीत जाते, हे त्या समाजातले नियम आणि मानमरातब ठरवतात. प्राचीन रोम आणि मध्ययुगीन चीनची उदाहरणे देऊन त्यांनी हे समजावले. नियम नीट असणे ही समाजाची जबाबदारी, पण नियम जिथे पुरत नाहीत तिथे व्यक्तीची मूल्येच उरतात.

गुण भरपूर आणि मूल्ये दुबळी असली की काय होते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतल्या थेरानोस कंपनीचे आहे. २००३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने रक्ताच्या काही थेंबांत अनेक चाचण्या करण्याचा दावा केला. संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांच्याकडे स्वप्न, चिकाटी आणि इतरांना पटवण्याची हातोटी होती. यंत्र मात्र सांगितल्याप्रमाणे चालत नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. ज्या गुणांचे शिबिरांत कौतुक होते, त्यांतला एकही इथे कमी नव्हता. कमी होते ते आपल्याला न आवडणारे सत्य सांगण्याचे धैर्य.

बहुतेक उद्योजकांची परीक्षा इतक्या मोठ्या प्रसंगात होत नाही. कच्चा माल हलका घातला तर ग्राहकाला कळणार नाही, हे ठाऊक असताना काय करायचे? रोख रकमेची ओढाताण असताना आधी कामगारांचा पगार द्यायचा की स्वतःची गाडी घ्यायची? लहान पुरवठादाराचे पैसे कधी चुकते करायचे? सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. तरीही थकलेली येणी हे छोट्या उद्योजकाचे जुने दुखणे आहे, कारण मोठ्याशी संबंध बिघडतील या भीतीने तो तक्रार करत नाही. मूल्ये अशा रोजच्या निर्णयांत घडतात आणि तिथेच झिजतातही.

महाराष्ट्राच्या भूमीतली तीन उदाहरणे

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र व्यक्तिविकासाचे उत्तम उदाहरण आहे. १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींच्या धंद्यात पूर्ण लक्ष घातले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी बनवला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे नांगराला सुरुवातीची दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभारली. तीच किर्लोस्करवाडी. तिथे त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. शेतकऱ्याचा अविश्वास दूर करायला लागणारी चिकाटी आणि समाजाने टाकलेल्या माणसावर विश्वास टाकण्याची हिंमत या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कामात दिसतात.

दुसरे उदाहरण श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापडचे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. प्रारंभी त्या चांगल्या आणि हलक्या अशा दोन प्रतींचे पापड करत. छगनलाल करमसी पारेख यांनी त्यांना एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि हिशेब चोख ठेवण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी कायमचा मानला. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही, असेही ठरले. काम करणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक, नफा-तोटा सर्वांचा आणि महत्त्वाचे निर्णय सर्वांच्या संमतीने, ही रचना संस्था हजारो स्त्रियांपर्यंत पोहोचल्यावरही टिकली. इथे मूल्ये भिंतीवरच्या फलकावर राहिली नाहीत. ती मोबदला वाटण्याच्या आणि निर्णय घेण्याच्या नियमांत उतरली, म्हणून व्यक्ती बदलल्या तरी शाबूत राहिली.

तिसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातले. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरवले. सभासद स्त्रिया निरक्षर असल्याचे कारण देऊन रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. तेव्हा त्या स्त्रियांनी लिहा-वाचायला शिकायचे ठरवले. काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या आणि व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखवायची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांसमोर व्यक्त केली. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००६ मध्ये ग्रामीण स्त्रियांसाठी व्यवसाय शिक्षण देणारी शाळाही निघाली. बांदुरा यांनी सांगितलेली पहिली वाट इथे स्पष्ट दिसते. शेळ्या, भाजीपाला, शिवणकाम यांचे हिशेब या स्त्रिया आयुष्यभर डोक्यात करतच होत्या. आपल्याला येते हे चारचौघांत सिद्ध करण्याची संधी मिळाली, तेव्हा त्या क्षमतेचे रूपांतर आत्मविश्वासात झाले.

शिकवण्याच्या पद्धती

उद्योजकतेचा पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम हार्वर्डमध्ये १९४७ साली मायल्स मेस यांनी सुरू केला, असे मानले जाते. आज हा विषय जगभर शिकवला जातो. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये उद्योजकी क्षमतांची चौकट तयार केली. तिच्यात १५ क्षमता आहेत आणि आर्थिक साक्षरतेच्या बरोबरीने आत्मजाणीव, चिकाटी आणि नैतिक व शाश्वत विचार यांनाही त्यांत स्थान आहे. प्रत्येक पदवीधराने कंपनी काढावी, असा या शिक्षणाचा उद्देश नाही. नोकरीत, शेतीत किंवा सामाजिक कामातही याच क्षमता लागतात.

व्यक्तिविकास आणि मूल्ये शिकवण्याच्या काही पद्धती अनुभवाने टिकून राहिल्या आहेत. पहिली पद्धत कृतीवर आधारलेली आहे. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या चक्रात आधी अनुभव, मग त्यावर विचार, मग त्यातून नियम आणि पुन्हा नवा प्रयोग असे चार टप्पे येतात. कॉलेजात विद्यार्थ्यांचा छोटा उद्योग चालवला आणि नंतर विचार करायला वेळच दिला नाही, तर हे चक्र अर्धे राहते. रोजनिशी इथे उपयोगी पडते. कोणता निर्णय घेतला, तेव्हा काय वाटत होते, निकाल काय लागला, हे लिहिणारा विद्यार्थी काही महिन्यांत स्वतःच्या सवयी वाचू लागतो.

दुसरी पद्धत पेचप्रसंगांची. खऱ्या उद्योगातला एखादा प्रसंग समोर ठेवून विद्यार्थ्याने निर्णय घ्यायचा आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे मांडायचे. भेसळीचा मोह, कामगाराचा अपघात, सरकारी कचेरीत मागितलेली लाच असे प्रसंग वर्गात आधी विचारात घेतले असतील, तर प्रत्यक्षात ते आले तेव्हा माणूस गोंधळून चुकीच्या बाजूला ढकलला जात नाही. तिसरी पद्धत मार्गदर्शकाची. मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या पार्श्वभूमीशी जितका जवळचा, तितका त्याचा परिणाम अधिक. तालुक्याच्या गावातल्या मुलीला मोठ्या उद्योगपतीच्या भाषणापेक्षा तिच्याच गावात बेकरी चालवणाऱ्या बाईंशी झालेले बोलणे जवळचे वाटते.

या शिक्षणाचे यश मोजताना घाई करता येत नाही. नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी चालवायच्या छोट्या कंपनीचा उपक्रम तपासला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या उपक्रमानंतर उद्योजक होण्याची विद्यार्थ्यांची इच्छा वाढण्याऐवजी घटली. वरवर पाहता हे अपयश आहे. पण उद्योगाला काय लागते आणि आपल्याला काय हवे आहे, याचे वास्तव चित्र त्यांना मिळाले असावे, असाही त्याचा अर्थ लावता येतो. घरदार गहाण टाकण्याआधी हे समजणे हा लाभच आहे. म्हणून किती विद्यार्थ्यांनी उद्योग काढले एवढीच मोजदाद पुरत नाही. त्यांनी उद्योग निवडला किंवा नाकारला तो स्वतःला ओळखून का, आणि ज्यांनी काढला त्यांच्या ग्राहकांचा, कामगारांचा व पुरवठादारांचा त्यांच्यावर विश्वास आहे का, हेही पाहावे लागते.

उद्योजकतेच्या अभ्यासक्रमात हिशेब आणि बाजार यांच्या इतकीच जागा आत्मपरीक्षणाला, सरावाला आणि मूल्यांच्या चर्चेला मिळायला हवी, हे या साऱ्या संशोधनातून आणि अनुभवातून निघते. ही जागा रिकामी राहिली तर प्रशिक्षणातून कर्जदार तयार होतात. ती नीट भरली तर आपली क्षमता आणि आपली मर्यादा ओळखणारे, दिलेला शब्द पाळणारे आणि इतरांच्या पोटापाण्याची जबाबदारी जाणीवपूर्वक घेणारे उद्योजक तयार होतात.